डबा कुठे बसून खायचा?

(कोरोनानंतर शाळा उघडल्या तेव्हा, २०२१ च्या अखेरीस आलेल्या वाचकांच्या पत्रांना एका निवृत्त मुख्याध्यापिकेची उत्तरं)

प्रश्न : आदरणीय बाई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागातल्या पाचवीपासूनच्या शाळा उघडल्या, तेव्हा आमचीही भरली. आमच्या गणिताच्या मॅडमचे मिस्टर एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. तेही शिक्षक होते, जिल्हा परिषदेच्या शाळेत. विलगीकरण कक्षावर त्यांची ड्युटी होती. मॅडम शाळेत येतात, तास घेतात आणि मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत जाऊन एकट्याच डबा खातात. नियम म्हणून आम्ही सगळेच लांब लांब बसतो, त्यामुळे कुणाला त्यात वेगळं काही दिसत नाही. पण त्या स्टाफरूममध्ये आल्या की आम्ही गप्प होतो. परवा माझ्या तोंडून "आमच्या ह्यांनी काल..." असं निघालं आणि मी वाक्य अर्ध्यात तोडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वही उघडली. बारा वर्षं आम्ही दोघी एका डब्यात जेवलो. आता काय बोलावं तेच सुचत नाही. आणि खरं सांगायचं तर वर्गात शिरताना माझ्याही छातीत धडधडतं. ते कुणाला सांगू?

उत्तर : ते तुटलेलं वाक्य उद्या पूर्ण करा. "परवा मी मध्येच थांबले, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. चुकलं माझं," एवढं त्यांच्याजवळ जाऊन बोला. मग त्यांच्या मिस्टरांविषयी बोला. सर कधी मॅडमना सोडायला गेटपर्यंत आले असतील, गॅदरिंगला मागच्या रांगेत उभे राहिले असतील. जे आठवेल ते बोला, "सर" म्हणून बोला. एप्रिलमध्ये अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. कितीतरी घरांत शेवटचं तोंडही नीट बघायला मिळालं नाही. भेटायला येणाऱ्यांनी ओट्यावर बसावं, गेलेल्या माणसाच्या चार गोष्टी काढाव्यात, रडावं, मध्येच एखाद्या आठवणीने हसावं, हे त्या घरांत झालंच नाही. मॅडमचं ते राहिलेलं आहे. आठ महिने उलटले म्हणून ते शिळं होत नाही.

हे मी अनुभवाने सांगते. १९९३ साली, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, मी उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात, उमरगा तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका होते. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं कमी असताना, दगडमातीची माळवदाची घरं झोपल्या माणसांवर बसली. पुढे आमची शाळा भरली ती पत्र्याच्या शेडमध्ये. इतिहासाच्या सरांची बायको आणि धाकटा मुलगा गेले होते. सर आले की आम्ही खडू शोधायला लागायचो, घड्याळ बघायचो, मुलांवर ओरडायचो. त्यांच्या मनाचा विचार करतोय, अशी आमची समजूत होती. खरं म्हणजे आम्ही त्यांना घाबरत होतो.

मग कॅटलॉगमधून, म्हणजे हजेरीपटातून, गेलेल्या मुलांची नावं कमी करायची वेळ आली. ज्याचा वर्ग त्याने ते करायचं, असा रिवाज. सरांच्या वर्गात अशी सात नावं होती आणि त्यांचा धाकटा त्याच वर्गात होता. सर लाल शाईचं पेन हातात धरून बसून राहिले. आम्ही सगळे बघत होतो, उठलं कुणीच नाही. उठले ते आमचे शिपाई मामा. ते सरांसमोर बसले, कॅटलॉग स्वतःकडे ओढला आणि म्हणाले, "सर, नावं मी वाचतो. तुम्ही दर पोराचं एकेक सांगा. मग बाई रेघ मारतील." बाई म्हणजे मी. पहिलं नाव वाचलं. सर म्हणाले, "ह्याला सनावळ्या कधी पाठ झाल्या नाहीत." दुसऱ्या नावाला म्हणाले, "ही माझ्या खिशातला खडू पळवायची." सातव्या नावाशी मामा थांबले, तर सर आपणहून बोलायला लागले आणि पुष्कळ बोलले. दोन तास गेले. बाहेर पोरं कल्ला करत होती, त्यांना कुणी गप्प केलं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सर लिंबाखाली आमच्यात येऊन बसले.

अशीच एक यादी तुमच्याही शाळेत होत असणार. कोरोनात आई किंवा वडील गमावलेल्या मुलांची माहिती वर्गशिक्षकांनाच गोळा करावी लागते. मॅडमकडे वर्ग असेल तर त्यांना ती यादी एकटीने करायला लावू नका. पण त्यांच्या हातातून परस्पर काढूनही घेऊ नका. विचारा, "मी करू, की दोघी बसून करू या?" कदाचित त्या म्हणतील, मीच करते. वडील गेलेल्या मुलीशी काय बोलायचं हे आज तुमच्या स्टाफमध्ये त्यांच्याइतकं कुणाला कळत असेल? यादी झाली की त्या घरांपर्यंत दोन गोष्टी पोचवा. कोविडने मृत्यू झाला असेल तर कुटुंबाला ५०,००० रुपयांचं साहाय्य २०२१ मध्ये ठरलं, सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबरलाच, म्हणजे तुमची शाळा उघडली त्याच दिवशी, त्याला मान्यता दिली. आणि एक पालक गमावलेल्या मुलांसाठी शासनाची दरमहा मदतीची बालसंगोपन योजना आहे. ऑनलाइन अर्ज भरणं पुष्कळ घरांना जमत नाही. शाळेच्या संगणकावर ते काम अर्ध्या तासाचं आहे.

आता मॅडमच्या स्वतःच्या कागदांचं. कोविडच्या कामावर असताना गेलेल्या कर्मचाऱ्याच्या वारसांसाठी ५० लाखांच्या साहाय्याची तरतूद मे २०२० मध्ये झाली. तो प्रस्ताव गेला आहे का, कुठे अडला आहे, हे त्यांना विचारा. पैशाचं कसं विचारावं, असं वाटून आपण गप्प बसतो, आणि ती बाई आठ-आठ महिने एकटी कागद गोळा करत राहते. ड्युटीचा आदेश, हजेरीची नोंद, चाचणीचा अहवाल, दवाखान्याचे कागद, मृत्यूचा दाखला. सगळ्यात जास्त घोळ होतो तो आदेशाचा. त्या धावपळीत ड्युट्या तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर लागल्या होत्या. सरांच्या सहकाऱ्यांच्या फोनमध्ये तो मेसेज अजून असेल, तो मिळवायला मदत करा. आणि पंचायत समितीत जायचं असेल त्या दिवशी मॅडमसोबत जा, किंवा तुमच्यातल्या कुणीतरी त्यांचे तास घ्या आणि दुसऱ्या कुणीतरी सोबत जा. एकटी बाई टेबलाटेबलाला फिरते तेव्हा तिला मिळणारी उत्तरं आणि शेजारी कुणी उभं असताना मिळणारी उत्तरं, यांत फार फरक असतो. तो मी डोळ्यांनी पाहिला आहे.

राहिला डबा. तुम्हाला हा प्रश्न लहान वाटेल, मला तो सर्वांत मोठा वाटतो. शाळेत शिक्षक एकमेकांना भेटतात ते डब्यावरच. मीटिंगमध्ये परिपत्रकं वाचली जातात. घरातलं दुखणं, मुलीचं ठरलेलं लग्न, फेडलेलं कर्ज हे सगळं मधल्या सुट्टीतल्या त्या वीस-पंचवीस मिनिटांत कळतं. कोरोनाच्या नियमांनी नेमकी तीच मिनिटं काढून घेतली. नियम बरोबर आहेत, ते पाळाच. पण नियम एका खोलीत दाटीने बसू नका असं सांगतो, एकट्याने जेवा असं सांगत नाही. मैदानाच्या कडेला चिंच असेल, आंबा असेल, दोन खुर्च्या सहा फुटांवर ठेवा आणि मॅडमना हाक मारा. वाटून खाता येणार नाही, म्हणून भाजी आदल्या दिवशी ठरवा. उद्या दोघींनी मेथी आणायची, परवा दोघींनी वांगं. आपापल्या डब्यातली मेथी खाताना "तुमची जास्त परतली गेली" एवढं बोललात तरी पुष्कळ झालं. त्या आल्या नाहीत तर त्या दिवशी राहू दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक मारा. इतिहासाच्या सरांना आमच्यात येऊन बसायला दिवाळी उलटून गेली होती.

"खंबीर राहा", "मुलांकडे बघून जगायचं", "काळ हेच औषध" यांतलं काही बोलू नका. खंबीर त्या आहेतच. रोज साडेदहाला त्या फळ्यासमोर उभ्या असतात.

आणि तुमची धडधड मॅडमनाच सांगा. तुम्ही दचकलात का? सगळे आपल्याला फक्त सांभाळून घेत आहेत, आपल्याला कुणी काही सांगत नाही, आपल्यावर कुणी टेकत नाही, ही भावना दुःखी माणसाला फार एकटं करते. तुम्ही "मला भीती वाटते हो" म्हणालात तर बारा वर्षांची तुमची मैत्रीण तुम्हाला परत मिळेल. एकेका बाकावर एकेक मूल बसलेलं, चेहरे मास्कमागे, त्यातल्या निम्म्यांची नावं ओळखू येत नाहीत, खोकला आला की अख्खा वर्ग त्या बाजूला बघतो. अशा वर्गात शिरताना ज्याच्या छातीत धडधडत नाही असा शिक्षक मला अजून भेटलेला नाही.

प्रश्न : बाई, मी विदर्भातल्या एका अनुदानित शाळेत चोवीस वर्षांपासून शिपाई आहे. मागच्या वर्षी पुण्या-मुंबईहून आलेल्या लोकांना आमच्या शाळेत विलगीकरणात ठेवलं होतं, तेव्हा बेंच उचलणं, खोल्या धुणं मीच केलं. आता सकाळी लवकर येऊन फवारणी, गेटवर तापमान पाहणं, पोरांच्या हातावर सॅनिटायझर, मग घंटा. जोडीदार शिपाई रिटायर झाला, त्याची जागा भरली नाही. सर-मॅडम वागायला चांगले आहेत. पण त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी नाही. एक दिवस अचानक सुट्टी जाहीर झाली. मी येऊन, कुलूप उघडून, झाडून, गेटवर बसून राहिलो. हे मनाला लागलं. तक्रार कशी करावी?

उत्तर : मामा, तक्रार तुम्ही करू नका. तुमचं पत्र छापतो आहोत, तुमच्या शाळेतलं कुणीतरी ते वाचेल.

जोडीदाराच्या जागेचं तुमच्या मुख्याध्यापकांच्या हातात फारसं नाही. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली शिपायांची पदं रिकामी होतील तशी संपवून त्याऐवजी शाळेला ठोक भत्ता द्यायचं ठरलं आहे. मला तो निर्णय पटलेला नाही. शाळा म्हणजे काय, हे ज्याला चोवीस वर्षांनी कळतं, त्याचं काम भत्त्यावर ठेवलेला माणूस करू शकत नाही. पण व्हॉट्सॲप ग्रुप मुख्याध्यापकांच्या हातात आहे, आणि गेटही.

म्हणून हे पुढचं तुमच्या शिक्षकांसाठी. थर्मल गन कुणालाही धरता येते. रोज दोन शिक्षक शाळा भरायच्या आधी अर्धा तास गेटवर उभे राहिले तर आठवड्यातून एकदा पाळी येईल. पाळीचा तक्ता करा आणि त्यात मुख्याध्यापकांचंही नाव लिहा. मुलांनाही तेच हवं आहे. दीड वर्षाने शाळेत येणाऱ्या पोराला दारातच आपले सर दिसले तर ते किती सुखावतं, उभे राहून बघा. मामांना आजच्या आज ग्रुपवर घ्या. त्यांच्याकडे साधा फोन असेल तर निरोप कुणी द्यायचा, त्या एका माणसाचं नाव ठरवा.

आणि मामा, तुमच्यासाठी एक. फवारणीचं हायपोक्लोराइट वापरताना हातमोजे घाला, खिडक्या सताड उघडा, आणि त्यात संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. मुलांच्या अंगावर तर ते फवारायचंच नाही, कुणीही सांगितलं तरी. मोजे शाळेने द्यायचे असतात. स्वतःच्या खिशातून आणू नका.

प्रश्न : मी मुख्याध्यापक आहे. स्टाफ खचलेला दिसतो. मानसिक आरोग्यावर तज्ज्ञांचं ऑनलाइन व्याख्यान ठेवावं का? — अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्हा

उत्तर : ठेवा, पण ते नंतर. दीड वर्ष तुमची माणसं स्क्रीनकडेच बघत आहेत. ज्याला झोप लागत नाही, जेवण जात नाही, जीव नकोसा वाटतो, त्याला मात्र व्याख्यानाची वाट बघायला लावू नका. सरळ डॉक्टरांकडे न्या, आणि रजेचा अर्ज तुम्हीच लिहून द्या.

बाकीच्यांसाठी शनिवारी सकाळची शाळा सुटली की वीस मिनिटं थांबवून घ्या. व्हरांड्यात, मोकळ्या हवेत. विषयपत्रिका नको, इतिवृत्त नको, सेतू अभ्यासाचे, म्हणजे बुडालेल्या अभ्यासाच्या उजळणीचे, आकडे तर नकोतच. सुरुवात तुम्ही करा, आणि "आपण सगळे एक कुटुंब आहोत" असं म्हणून करू नका. या दीड वर्षात तुम्हाला स्वतःला कशाची भीती वाटली, ते सांगा. मग थांबा. पहिल्या शनिवारी कदाचित कुणी बोलणार नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा बसा.

शिपायांना, लिपिकांना आणि पोषण आहाराच्या ताईंनाही बोलवा. त्या दिवशी सुटीची घंटा तुम्ही द्या, म्हणजे मामांना वेळेवर येऊन बसता येईल.