नागासाकीत एक दिवस : आधी उत्तर, मग दक्षिण

फोंडा येथील वाचकाचा प्रश्न : एप्रिलमध्ये आम्ही जपानला जाणार आहोत. मुक्काम फुकुओकाला आहे आणि नागासाकीसाठी एकच दिवस हाताशी आहे. क्रम कसा लावावा? अणुबॉम्ब संग्रहालय शेवटी ठेवले तर चालेल का?

उत्तर : संग्रहालय शेवटी ठेवू नका. ते सकाळी साडेआठला उघडते, तेव्हाच आत शिरा आणि दोन तास तरी द्या. संध्याकाळी थकलेल्या पायांनी आणि घड्याळाकडे बघत उरकण्याची ती जागा नव्हे. शिवाय ते शहराच्या उत्तर भागात आहे आणि बाकीची बहुतेक ठिकाणे दक्षिणेला. सकाळी उत्तर उरकली की पुढे फक्त खाली सरकत जायचे.

फुकुओकाच्या हाकाता स्टेशनवरून सकाळची लवकरची ‘रिले कामोमे’ एक्स्प्रेस पकडा. ताकेओ-ओन्सेनला उतरून समोरच्याच फलाटावरच्या शिंकान्सेन या बुलेट ट्रेनमध्ये बसायचे. नागासाकीपर्यंतचा हा शेवटचा टप्पा २०२२ च्या सप्टेंबरपासून सुरू आहे. एकूण सुमारे दीड तास लागतो. गाडी बदलायला मिनिटे मोजकीच मिळतात, तेव्हा सामान हाताशी घेऊन आधीच दाराजवळ उभे राहा. मोठ्या बॅगा नागासाकी स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवा. चढांच्या या शहरात चाकांची बॅग ओढत फिरू नये.

स्टेशनासमोर ट्राम मिळते. १ किंवा ३ क्रमांकाची, आकासाकोकडे जाणारी कोणतीही ट्राम घ्या आणि ‘गेन्बाकु शिर्योकान’ थांब्यावर उतरा. संग्रहालयातून बाहेर पडलात की आधी स्फोटबिंदूचे उद्यान बघा. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब याच जागेच्या वर, सुमारे ५०० मीटर उंचीवर फुटला. उद्ध्वस्त उराकामी कॅथेड्रलच्या भिंतीचा एक तुकडा तिथे आणून उभा केला आहे. पलीकडच्या टेकडीवर शांतता उद्यान आहे. वर जायला सरकते जिने आहेत. वेळ असेल तर सान्नो देवळाचे एका पायाचे तोरी, म्हणजे देवळापुढची कमान, मुळीच चुकवू नका. स्फोटबिंदूपासून ते सुमारे ८०० मीटरवर आहे. स्फोटात या दगडी कमानीचा एक खांब कोसळला. दुसरा खांब वरच्या अर्ध्या आडव्या दगडासकट आजही तसाच उभा आहे. देवळाच्या दारातली कापराची दोन झाडे तेव्हा होरपळली होती आणि पुन्हा पालवली. पूर्ण वाढलेली ही झाडे बघायला पाच मिनिटे तरी थांबाच.

परत दक्षिणेकडे येताना बहुतेक प्रवासी एका ठिकाणी चुकतात. जाताना १ आणि ३ यातली कोणतीही ट्राम चालते, येताना मात्र देजिमा या जुन्या व्यापारी बेटासाठी १ क्रमांकाचीच लागते. ३ क्रमांकाची स्टेशन ओलांडल्यावर साकुरामाचीकडे वळते आणि तुम्ही भलत्याच टोकाला जाता. ट्रामच्या कपाळावरचा आकडा बघूनच चढा.

मडगावहून : ट्रामचे तिकीट कसे काढायचे? दिवसभराचा पास ट्राममध्ये मिळतो का?

उत्तर : कागदी पास ट्राममध्ये मिळत नाही. स्टेशनातल्या पर्यटन माहिती केंद्रात आधीच घ्या. चढायचे मागच्या दाराने, उतरायचे पुढच्या दाराने, आणि भाडे उतरताना ड्रायव्हरजवळच्या पेटीत टाकायचे. अंतर कितीही असले तरी भाडे एकच. सुइका किंवा तत्सम प्रवासाचे प्रीपेड कार्ड असेल तर चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा टेकवा. रोख देऊन ‘शिन्ची चायनाटाउन’ला १ वरून ५ क्रमांकाच्या ट्राममध्ये बदलायचे असेल, तर उतरताना ड्रायव्हरकडून बदलीची चिठ्ठी मागून घ्या. चिठ्ठी नसेल तर दुसऱ्या ट्राममध्ये पुन्हा पूर्ण भाडे भरावे लागते.

म्हापशाहून : नागासाकीत सांव फ्रान्सिस झेवियरच्या खुणा कुठे बघायला मिळतील?

उत्तर : खुद्द झेवियर या शहरात आलेच नाहीत. एप्रिल १५४९ मध्ये ते गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्टला कागोशिमाला उतरले. सोबत आंजिरो हा जपानी होता. त्याचा बाप्तिस्मा १५४८ मध्ये गोव्यातच झाला होता. १५५० मध्ये झेवियर हिरादोला गेले. ते बेट आजच्या नागासाकी प्रांतात असले तरी शहरापासून इतके दूर आहे की एकाच दिवसात दोन्ही होत नाही. नागासाकी बंदर पोर्तुगीज व्यापाराला खुले झाले १५७१ मध्ये, म्हणजे झेवियर वारल्यानंतर १९ वर्षांनी.

तरीही आपल्याकडच्या माणसाने पाहावीच अशी जागा इथे आहे. स्टेशनपासून पाच-सात मिनिटांच्या चढावर निशिझाका टेकडी आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तिथे २६ ख्रिस्ती व्यक्तींना क्रूसावर चढवून मारले. त्यांतला एक गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला, फ्रान्सिस्कन संघातला ब्रदर आणि दुभाषी. १८६२ मध्ये या सर्वांना संतपद मिळाले. तिथे २६ जणांच्या ब्राँझच्या मूर्ती एका रांगेत आहेत. त्यांच्या पायांकडे नीट बघा. पावले कुठेच टेकलेली नाहीत, बोटे खाली लोंबलेली आहेत. शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांचे हे काम १९६२ चे आहे. देजिमाला जाण्याआधी स्टेशनवर उतरून हे करून घ्यावे.

उलट दिशेची खूणही आहे. १५८२ मध्ये नागासाकीहून चार जपानी मुले युरोपला निघाली. जाता-येता दोन्ही वेळा ती गोव्यात थांबली. परतीच्या वाटेवर, १५८७ मध्ये, त्यांतल्या हारा मार्तिन्योने गोव्यात लॅटिनमध्ये भाषण केले आणि पुढच्या वर्षी ते गोव्यातच छापले गेले.

देजिमा हे पंख्याच्या आकाराचे कृत्रिम बेट १६३६ मध्ये पोर्तुगीजांना कोंडून ठेवण्यासाठी बांधले. १६३९ मध्ये त्यांना हाकलले आणि १६४१ मध्ये डचांना तिथे आणले. आज भोवतीचा समुद्र बुजला आहे. त्यामुळे बेट शोधत फिरू नका, शहराच्या मधोमधच ते आहे. घरे पुन्हा बांधलेली आहेत. तास-सव्वा तास पुरे.

डिचोलीहून : आईचे गुडघे दुखतात. ग्लोव्हर गार्डन आणि ओउरा चर्च तिला झेपेल का?

उत्तर : झेपेल, पण उलट्या बाजूने जा. सगळे जण ‘ओउरा तेन्शुदो’ थांब्यावर उतरून चढ चढतात. तुम्ही ५ क्रमांकाच्या ट्रामने शेवटच्या इशिबाशी थांब्यापर्यंत जा. तिथून थोड्या अंतरावर डोंगराच्या उतारावरून तिरकी वर जाणारी सार्वजनिक लिफ्ट आहे, तिला पैसे पडत नाहीत. पुढे दुसरी, सरळ लिफ्ट घेतली की ग्लोव्हर गार्डनच्या वरच्या दाराशी पोहोचता. बाग उतरत उतरत पाहायची आणि खाली ओउरा चर्चजवळ बाहेर पडायचे. उतरणही गुडघ्यांना जाचते, म्हणून मध्ये बसत जा. पावसात इथले दगडी रस्ते निसरडे होतात.

ओउरा चर्चला घाई करू नका. १८६४ मध्ये पूर्ण झालेले हे चर्च त्याच २६ जणांना वाहिलेले आहे आणि त्याचे तोंड निशिझाकाकडे आहे. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीच्या गावकऱ्यांनी इथल्या फ्रेंच पाद्रीला हळूच सांगितले, की आमचाही धर्म हाच. ख्रिस्ती धर्मावरच्या बंदीच्या दोन शतकांहून अधिक काळात त्यांनी तो पाद्रीवाचून, घरातल्या घरात जपला होता. आत फोटो काढायला मनाई आहे. प्रवासी जहाजे जवळच्याच धक्क्याला लागतात. अशा दिवशी ५ क्रमांकाच्या ट्राममध्ये उभे राहायलाही जागा मिळत नाही. आई सोबत असेल तर टॅक्सी घ्या.

काणकोणहून : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. चांपोन (सूपातल्या नूडल्स) भाज्यांची करून देतात का?

उत्तर : मांस काढून वाढले तरी उपयोग नाही, कारण चांपोनचे सूपच डुकराच्या आणि कोंबडीच्या हाडांचे असते. कास्तेला केकमध्ये अंडी असतात, तीही भरपूर. दुपारचे जेवण भारतीय हॉटेलात आधी ठरवून ठेवा. फळे आणि घरचा कोरडा खाऊही सोबत असू द्या. अंडी चालत असतील तर कास्तेला जरूर घ्या. तळाला चिकटलेला कागद सोलून काढा, त्याच्या खाली जाड साखरेचे दाणे असतात. डब्यावरची तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने वाचा.

पणजीहून : रात्री इनासायामावर जाऊन फुकुओकाला परतता येईल?

उत्तर : अंधार पडताच वर असाल तरच. ३३३ मीटर उंचीचा हा डोंगर रोपवेने पाच मिनिटांत चढता येतो. जोराचा वारा सुटला की रोपवे बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी हॉटेलातून किंवा माहिती केंद्रातून चौकशी करा. परतीच्या शेवटच्या शिंकान्सेनची वेळ सकाळी स्टेशनवरच टिपून घ्या, आणि ती शिंकान्सेन पुढे हाकाताच्या गाडीला जोडून आहे ना, हेही विचारा.