रांगेतल्या माणसाला शनी दिसला पाहिजे

पोरी,
अनेक आशीर्वाद.

वेधशाळेत स्वयंसेवक म्हणून यायच्या आधी कोणती पुस्तकं वाचू, असं विचारलंस. वाच की, पण त्याची घाई नाही. शनिवारी आपल्याकडे जी रांग लागते, तिला तुझ्या वाचनाशी फारसं देणंघेणं नसतं. रांगेतल्या प्रत्येकाला शनी दिसला पाहिजे, एवढंच आपलं काम. ते वाटतं तेवढं सोपं नाही.

कारण लोक भिडेपोटी खोटं बोलतात. "दिसलं का?" म्हटलं की "हो हो, मस्त!" म्हणत पुढे सरकतात. मागे गर्दी असते, आपल्यालाच कसं दिसत नाही याची लाज वाटते. प्रत्यक्षात डोळा आयपीसच्या, म्हणजे जिथून बघायचं त्या भिंगाच्या, बाजूला असतो, नाहीतर आपल्याच पापणीची सावली बघून माणूस निघून जातो. म्हणून "दिसलं का" हा प्रश्नच टाकून दे. "काय दिसतंय?" असं विचार. गुरू लावला असेल तर "बाजूला ठिपके किती आहेत? कुठल्या बाजूला जास्त?" गॅलिलिओने 1610 साली पाहिलेले तेच चार चंद्र. पण कधी त्यातला एखादा गुरूच्या मागे किंवा पुढे असतो, तेव्हा आधी स्वतः मोजून ठेव, नाहीतर बरोबर उत्तर देणाऱ्या पोराला तूच चूक ठरवशील. एखादी आजी सरळ सांगते, "काईच नाई दिसून राह्यलं बाप्पा." तिच्यापाशी थांब. रांग थांबू दे.

चष्म्याचं एक लक्षात ठेव. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढायला सांग आणि फोकस त्यांच्याच हाताने फिरवू दे. तिरका नंबर, म्हणजे सिलिंडरचा, असेल तर चष्मा राहू दे. लहान मुलांसाठी स्टूल हवं. मूल आयपीसला लोंबकळलं की दुर्बीण हलते आणि शनी गेला.

तसाही तो जातोच. आपल्या 8 इंची डॉबसोनियनला, म्हणजे हाताने फिरवायच्या आरशाच्या दुर्बिणीला, मोटर नाही. नळीचं नाभीय अंतर 1200 मिमी, त्यात 25 मिमीची आयपीस लावली की 48 पट मोठं दिसतं आणि साधारण एक अंशाचं आकाश मावतं. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणजे ग्रह या काठापासून त्या काठापर्यंत जायला चारेक मिनिटं. 10 मिमीची लावलीस तर दोन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. नवीन मंडळी हौसेने जास्त पट लावतात. गर्दीत 48 पुरे, शनीची कडी त्यातही दिसते. ग्रह मध्यभागी न ठेवता, ज्या काठाने तो आत येतो तिथे ठेव, म्हणजे दोन-तीन माणसं आरामात बघून होतात. 2025 च्या मार्चमध्ये कडी आपल्याला अगदी कडेवरून दिसत होती, आता ती वर्षागणिक उघडत जाणार. "फोटोत तर जाड दिसते" म्हणून कोणी हिरमुसलं तर हे सांग.

शनीपाशी साडेसातीचा प्रश्न येणारच. वाद घालू नकोस, हसू तर मुळीच नकोस. हिशेब मांड. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. राशी बारा, म्हणजे एका राशीत अंदाजे अडीच वर्षं. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची, तीन झाल्या की साडेसात. आकडा आला तो ग्रहाच्या संथ चालीतून, हे कळल्यावर माणूस पुन्हा एकदा आयपीसला डोळा लावतो. पुढचं त्याचं त्याला ठरवू दे.

तुला खरी मजा येईल ती खेड्यावरून आलेल्या शेतकऱ्यांशी बोलताना. 7-8 जूनला मृग लागतो हे त्यांना तुझ्यापेक्षा पक्कं ठाऊक असतं. पण तेव्हा सूर्यच मृगात असतो, म्हणून ते नक्षत्र रात्री दिसत नाही. जानेवारीच्या संध्याकाळी त्यांना मृग दाखव, खाली व्याध दाखव. दक्षिण क्षितिज मोकळं असेल तर अगस्त्यही दाखव, तो नागपुरातून जेमतेम 16 अंश वर चढतो. मग ते बोलायला लागतात आणि आपण ऐकायचं.

कोजागरीला तुडुंब गर्दी होते, आणि दुर्बिणीसाठी ती रात्र जवळपास वाया गेलेली असते. पौर्णिमेच्या चंद्रावर सावल्याच नसतात, खड्डे कुठून दिसणार? दूध प्या म्हणावं, आणि सप्तमी-अष्टमीला परत या. मी हे दरवर्षी सांगतो. कोणी ऐकत नाही.

नागपूरच्या आकाशाबद्दल तक्रार करत बसू नकोस. शहराचा उजेड आहे, उत्तरेला कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडची चमक आहे, पावसाळ्याचे चार महिने हातचे जातात. चंद्र आणि ग्रहांना उजेडाने फरक पडत नाही. देवयानी दीर्घिका किंवा आकाशगंगेचा पट्टा नीट पाहायचा तर पेंचला जायचं. 2024 च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्प देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, ठरला, तो आपल्याच पुढ्यात आहे. आणि मे महिन्याचा शेवटचा आठवडा विसरू नकोस. दुपारी बारा-दहाच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शाळेतली पोट्टी ते बघायला उन्हातही येतात.

सूर्य दाखवायचा असेल तेव्हा मात्र मी असल्याशिवाय दुर्बिणीला हात लावायचा नाही. फिल्टर नळीच्या तोंडाशी, घट्ट, वाऱ्याने उडणार नाही असा. आयपीसला लावायचा जुना फिल्टर कोणी आणला तर तो वापरायचा नाही, तापून तडकतो. फाइंडरला, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला, टोपण. आणि सूर्याकडे वळलेल्या दुर्बिणीला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही. यात सवलत नाही.

आरसा पुसू नकोस. धूळ दिसते तितकी बाधत नाही, पुसल्याचे ओरखडे कायमचे राहतात. पावसाळ्यात झाकणाखाली सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहणं, हे काम तुझ्याकडे देतो आहे. कंटाळवाणं आहे, पण बुरशी धरली तर पुढचा हिवाळा गेला.

या शनिवारी सूर्यास्ताच्या तासभर आधी पोच. आरसा बाहेरच्या हवेइतका थंड झाला नाही तर सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलतं. टॉर्चला लाल जिलेटीन लाव. परतायला दहा वाजतील, घरी तसं सांगून ठेव. स्वेटर आण, आणि स्टूल तळघरातून वर आणायला कोणाला तरी सोबत घे, ते जड आहे.

तुझा,
काका