लाईट गेली की लॅपटॉपचं वायफायही जातं

प्रश्न : नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते, सहा बचत गटांचे हिशेब घरूनच लॅपटॉपवर बघते. लॅपटॉप २०१९ चा आहे. विंडोज १० चे अपडेट बंद झाले असं सगळे सांगायला लागले म्हणून तालुक्याच्या दुकानात देऊन विंडोज ११ करून घेतलं, त्याच वेळी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी पण बसवली. लॅपटॉप पळतोय छान, पण तेव्हापासून वायफाय मधेच सुटतं. परत जोडलं की जोडतं, दहा मिनिटांनी पुन्हा तेच. इंटरनेटवाला मुलगा येऊन राऊटर बदलून गेला, काही फरक नाही. दुकानदार म्हणतात वायफायचं कार्ड गेलं, नवीन घाला. मोबाईलला मात्र त्याच वायफायवर काहीच त्रास नाही. महिन्याच्या शेवटी बँकेच्या साईटवर काम करताना मधेच सुटलं की सगळं पहिल्यापासून भरावं लागतं, अगदी रडकुंडीला येते. कार्ड घेऊ का?

उत्तर : ताई, कार्ड आत्ता घेऊ नका. आधी थोडं शोधू.

तुमचं पत्र वाचून मी तुम्हाला फोन केला होता तो यासाठीच, की पत्रात सगळं होतं पण सुटतं नेमकं कधी हे नव्हतं, आणि या दुखण्यात तेच सगळ्यात महत्त्वाचं असतं. तुम्हाला आठवडाभर वहीत लिहायला सांगितलं, किती वाजता सुटलं, चार्जर लावलेला होता का, सिग्नलच्या कांड्या किती होत्या, तेव्हा मोबाईलवर चालू होतं का. वहीच्या त्या पानाचा फोटो तुम्ही पाठवलात आणि तो बघूनच निम्मं काम झालं. अकरा नोंदी, त्यातल्या दहा दुपारी लाईट गेली त्या वेळच्या. राऊटर इन्व्हर्टरवर आहे त्यामुळे तो चालूच राहतो, मोबाईल चालूच राहतो, पण लॅपटॉपचा चार्जर ज्या बोर्डाला आहे तो इन्व्हर्टरवर नाही, म्हणजे लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि पाच-दहा मिनिटांत वायफाय सोडतो. लाईट आली की दिवसभर काही नाही. कार्ड खराब असतं तर त्याला लाईट आहे की गेली याच्याशी काय देणंघेणं? ते चार्जरवरही सुटलं असतं. आणि कांड्या दर वेळी पूर्ण, हे पण तुम्ही लिहिलंय ते फार बरं झालं, ते का ते पुढे सांगते.

आता बॅटरीवर नेमकं काय होतं ते. राऊटर सेकंदाला साधारण दहा वेळा एक छोटा संदेश हवेत सोडत असतो, मी इथे आहे, अमक्याचं पार्सल माझ्याकडे आलंय, असा. लॅपटॉपचं वायफाय कार्ड बॅटरी वाचवायला दोन संदेशांच्या मधे डुलकी घेतं आणि वेळेवर जागं होऊन ऐकतं, तोवर राऊटर त्याचा डेटा धरून ठेवतो. ही सोय चांगली आहे, मोबाईलमधे पण असतेच. पण कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम, आणि विंडोज यांचं जमलं नाही तर कार्डाची डुलकी लांबते, संदेश हुकतात आणि जोडणी तुटते. मोठं अपग्रेड झालं की दोन गोष्टी होऊ शकतात, एक म्हणजे लॅपटॉपच्या कंपनीने दिलेल्या ड्रायव्हरच्या जागी विंडोजकडचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसतो, आणि दुसरं म्हणजे वीज वाचवायच्या सेटिंग मूळ पदावर येतात. तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही, इंटरनेटवाल्या मुलाचाही दोष नाही.

करायचं असं. खाली स्टार्टच्या खिडकीवर माऊसचं उजवं बटण दाबा, जी यादी येते त्यात डिव्हाईस मॅनेजर आहे. त्यात नेटवर्क ॲडॉप्टर्स उघडा, तिथे पाच-सात नावं दिसतील, घाबरू नका, ज्यात वायफाय किंवा वायरलेस असा शब्द आहे ते आपलं. इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक, क्वालकॉम यातलं कुठलंतरी एक नाव पुढे असेल. त्याच्यावर डबल क्लिक केलं की वर टॅब दिसतात. आधी ड्रायव्हर टॅबवर जा आणि तारीख आणि व्हर्जन वहीत लिहून घ्या, फोटो काढला तरी चालेल. हे आधी का, तर नंतर काही बिघडलं तर आपण कुठे होतो हे माहीत पाहिजे, नाहीतर मागे येता येत नाही, मी लोकांना हे कळवळून सांगते आणि तरी निम्मे लोक करत नाहीत. मग पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबवर जा. तिथे अलाऊ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाईस टू सेव्ह पॉवर अशी ओळ आणि तिच्यापुढे टिक असेल, ती काढा, ओके करा, लॅपटॉप रीस्टार्ट करा.

इथे एक लक्षात घ्या, शट डाऊन करून परत चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोजमधे फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुतेक लॅपटॉपवर चालू असते, शट डाऊन केलं तरी विंडोज स्वतःची थोडी स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं, त्यामुळे ड्रायव्हरचं दुखणं तसंच पुढे येऊ शकतं. रीस्टार्टने मात्र सगळं नव्याने सुरू होतं.

काही लॅपटॉपवर तो पॉवर मॅनेजमेंटचा टॅबच नसतो, तुमच्याकडे आहे हे तुम्ही फोनवर बघून सांगितलंत, पण इतर वाचकांसाठी सांगते, नसला तर कंट्रोल पॅनेलमधे पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनच्या पुढे चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज. त्यात वायरलेस ॲडॉप्टर सेटिंग्ज, त्याच्या आत पॉवर सेव्हिंग मोड. तिथे ऑन बॅटरी आणि प्लग्ड इन अशा दोन वेगवेगळ्या ओळी दिसतात, आणि बॅटरीवरच का सुटतं याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच डोळ्यांसमोर असतं. ऑन बॅटरीला पण मॅक्झिमम परफॉर्मन्स करा. बॅटरी थोडी लवकर उतरेल, पण फॉर्म अर्ध्यात सुटण्यापेक्षा ते परवडलं. ताई, तुम्ही पण टिक काढल्यावर ही ओळ एकदा बघून घ्या.

एवढ्याने थांबलं नाही तर मग ड्रायव्हर. लॅपटॉप उलटा करा, खाली मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबरचं स्टिकर असतं, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवर सपोर्टमधे तो नंबर टाकून विंडोज ११ साठीचा वायफाय ड्रायव्हर उतरवा. ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारे जे फुकटचे सॉफ्टवेअर जाहिरातीत दिसतात ते अजिबात टाकू नका, तुमच्या लॅपटॉपवर सहा गटांच्या बायकांचे पैशाचे हिशेब आहेत. ड्रायव्हर टॅबमधेच रोल बॅक ड्रायव्हर असं बटण असतं, ते ठळक दिसत असेल तर आधीचा ड्रायव्हर परत आणता येतो, फिकट असेल तर मागचा शिल्लक नाही असं समजायचं. आणि तुम्ही विचारलंत की परत विंडोज १० वर जाऊ का, तर ती मुभा अपग्रेडनंतर १० दिवसच असते, तुमचे ते उलटून गेलेत, आणि तशीही मी जा म्हटलं नसतं, कारण विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलेत आणि तुमचं काम बँकेचं आहे.

आता कांड्यांचं. दुकानात लॅपटॉप उघडून एसएसडी बसवली हे वाचल्यावर माझ्या मनात पहिली शंका तीच आली होती. वायफायचं कार्ड आत छोट्याशा पट्टीएवढं असतं आणि त्याला दोन बारीक वायरी टिचकीच्या बटणासारख्या दाबून बसवलेल्या असतात, त्या वर स्क्रीनच्या कडेला असलेल्या अँटेनाकडे जातात. उघडताना हात लागून एखादी सुटली की राऊटर शेजारी असला तर चालतं आणि दुसऱ्या खोलीत गेलं की एकच कांडी. तुमचं तसं नाही, स्वयंपाकघरात बसून पण पूर्ण कांड्या होत्या. पण कुणाचा लॅपटॉप उघडून आल्यानंतर रेंजच कमी झाली असेल तर त्यांनी सेटिंगमधे वेळ घालवू नये, दुकानात जाऊन वायरी बघा म्हणावं, दोन मिनिटांचं काम आहे.

वहीतली अकरावी नोंद उरली, चार्जर लावलेला असताना रात्री साडेआठला. तिची मला काळजी वाटत नाही. राऊटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावं आहेत म्हणालात आणि लॅपटॉप २.४ वर आहे. मायक्रोवेव्ह, ब्लूटूथ, शेजाऱ्यांचे राऊटर सगळे त्याच २.४ च्या पट्ट्यात गर्दी करतात, बाहेरची हार्ड डिस्क यूएसबी ३ ला लावली तरी तिचा त्याच पट्ट्यात त्रास होतो. राऊटरच्याच खोलीत बसून काम करत असाल तर ५ वालं नाव निवडा, भिंतीपलीकडे ते लवकर कमकुवत होतं म्हणून लांब बसलात तर २.४ च बरं.

नेटवर्क रीसेट मात्र शेवटी, बाकी सगळं करून झाल्यावर. त्याने सेव्ह केलेले सगळे वायफायचे पासवर्ड जातात, व्हीपीएन असेल तर तेही परत टाकावं लागतं, आणि बरेच जण हेच पहिल्यांदा करतात. एकदा एका शिक्षकांच्या लॅपटॉपवर मी घाईत हेच केलं होतं, शाळेच्या वायफायचा पासवर्ड ज्यांना माहीत होता ते सर रजेवर, दोन दिवस त्या माणसाचं काम अडलं. ते मला अजून लागून राहिलंय.

प्रश्न : मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू आहे, ते २२.०४ वरून २४.०४ केलं तर वायफाय सुटत वगैरे नाही, थेट गायबच झालंय. वायफाय ॲडॉप्टर नॉट फाऊंड एवढंच येतं. कार्ड ब्रॉडकॉमचं आहे. होस्टेलला केबलचा पॉईंट नाही, नेटच नाही तर ड्रायव्हर उतरवू कसा?

उत्तर : मोबाईल केबलने लॅपटॉपला जोड आणि मोबाईलच्या सेटिंगमधे यूएसबी टेदरिंग चालू कर. उबुंटूला ते तारेचं कनेक्शन वाटतं, वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. अँड्रॉईड फोन होस्टेलच्या वायफायवर असेल तर तेच पुढे लॅपटॉपला मिळतं, तुझा डेटा पण जात नाही.

मग ॲडिशनल ड्रायव्हर्स नावाचं ॲप उघड, ब्रॉडकॉमचा मालकीचा ड्रायव्हर यादीत दिसला तर निवड आणि लाव. अपग्रेडमधे कर्नल, म्हणजे उबुंटूचा गाभा, बदलतो आणि बाहेरून टाकलेला असा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो, ते बांधणं अडखळलं की कार्ड दिसेनासं होतं. खात्री करायची असेल तर लॅपटॉप चालू होताना काय सुरू करायचं ते विचारणारी ग्रब नावाची यादी असते, तिच्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधे जाऊन जुना कर्नल शिल्लक असेल तर तो निवडून बघ, त्यावर वायफाय आलं तर कार्ड ठणठणीत आहे. सिक्युअर बूट, म्हणजे ओळख न पटलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय, चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना तुला एक पासवर्ड ठरवायला सांगेल आणि रीस्टार्टला निळा स्क्रीन येईल, तिथे एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यायचा. बरीच मुलं तो निळा स्क्रीन बघून घाबरून कंटिन्यू करतात आणि मग ड्रायव्हर टाकूनही का चालत नाही म्हणून रात्र घालवतात.

वायफाय आल्यावर वरच्या ताईंसारखं सुटायला लागलं तर नेटवर्क मॅनेजरच्या फोल्डरमधे डिफॉल्ट वायफाय पॉवरसेव्ह ऑन अशा नावाची फाईल आहे, त्यात पॉवरसेव्हपुढे ३ असतं, त्याचा २ कर. ३ म्हणजे वीज वाचव, २ म्हणजे नको. मग रीस्टार्ट.

प्रश्न : अपग्रेडनंतर वायफाय जोडलेलं दिसतं पण खाली नो इंटरनेट लिहून येतं. मोबाईल चालतो. वय ७१, जास्त खटपट जमणार नाही.

उत्तर : काका, जोडलेलं आहे म्हणजे कार्ड आणि पासवर्ड दोन्ही ठीक. आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख आणि वेळ बरोबर आहे का बघा, चुकीची असेल तर साईट उघडत नाहीत. मग अपग्रेडच्या आधीपासूनचा एखादा अँटिव्हायरस आहे का बघा, मुदत संपलेला तर खासच, तो नव्या विंडोजवर नेटची वाट अडवून बसू शकतो. तो काढून टाका, विंडोजचं स्वतःचं संरक्षण आपोआप चालू होतं. काढल्यावर रीस्टार्ट करा. तरी नाही झालं तर नातवंडांपैकी कुणी घरी असताना मला कळवा, आपण फोनवर बघू, एकट्याने नेटवर्क रीसेट करू नका.