वर्गात सांकेतिक भाषेची दुभाषी आली, तर ती मुलीला शिकवेल का?

तुमची मुलगी कर्णबधिर, खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत पाचवीला. दुभाषी मिळाली तर मुलीचा अभ्यास तीच घेईल का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. शिकवणार वर्गाच्या बाईच. मी बेळगावात दुभाषीचंच काम करते. एका शाळेत तर पोराचा गृहपाठ झाला नाही म्हणून सर मलाच रागावले होते! माझं काम एवढंच, की सर बोलतील ते खुणांनी पोरापर्यंत जावं आणि पोराने विचारलेलं आवाजात सरांपर्यंत. मागच्या बाकावरची थट्टासुद्धा मी सांगते. सगळा वर्ग हसतोय आणि हा एकटाच इकडेतिकडे बघतोय, हे मला बघवत नाही.

उभी राहते फळ्याशेजारी, पण खिडकीला पाठ करून नाही. चेहरा अंधारात गेला तर प्रश्न विचारलाय की नुसतं सांगितलंय हे कळत नाही, ते भुवयांवरून ओळखायचं असतं. "पान उघडा" म्हटल्यावर बाईंनी जरा थांबावं लागतं, कारण मुलगी पुस्तकात बघेल नाहीतर माझ्याकडे.

आपल्या सीमाभागात गंमत अशी, की मराठीचा तास संपून कन्नडचा लागला तरी माझे हात तीच भाषा बोलतात. भारतीय सांकेतिक भाषा मराठीही नाही आणि कन्नडही नाही, तिचं व्याकरण तिचं स्वतःचं. लिहायच्या भाषांचं ओझं मात्र पोरांवर राहतंच. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १७ मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याचा उल्लेख आहे. मुख्याध्यापकांना लेखी विचारा, तोंडी नको.

पण त्याआधी एक बघा. मुलीला सांकेतिक भाषा येते काय? घरातल्या पाणी, जेवण, झोप एवढ्याच खुणा असतील तर येत नाही म्हणायचं. मग मला वर्गात उभं करणं म्हणजे कानडी न येणाऱ्याला सगळा धडा कानडीत सांगण्यासारखं. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा व्हिडिओ कोश आहे, तो घरात सगळ्यांनी बघा. तेवढ्याने भाषा येत नाही, कर्णबधिर मोठ्या माणसांत तिला नेऊन बसवा. तुम्हीपण बसा.

आणि दुभाषी ठेवताना तिची पदविका बघून घ्या. दोन वर्षांचा कोर्स असतो. "मला थोड्या खुणा येतात" म्हणणारे पुष्कळ भेटतील.