दुधाचे डबे पाठवू नका

प्रश्न : युद्ध आणि पुरामुळे छावण्यांत आलेल्या मुलांसाठी आमच्या विद्यार्थ्यांनी दुधाच्या पावडरीचे डबे आणि वापरलेले कपडे गोळा केले आहेत. ते तिथे कसे पाठवावेत? — एक शिक्षिका

उत्तर : ताई, मुलांच्या मनातली कळकळ मोलाची आहे. तरीही दुधाचे डबे पाठवू नका.

छावण्यांत बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना मी या डब्यांचं पुढे काय होतं ते पाहिलंय. पाणी गढूळ, ते उकळायला जळण नाही, बाटली धुवायला साबण नाही. डबा पुरवून वापरायचा म्हणून आई दूध पातळ करते. बाळ अंगावर कमी पितं, तिचं दूध आटत जातं आणि मग डबाही संपतो. २००६ साली इंडोनेशियात योग्यकर्ताच्या भूकंपानंतर दानातली पावडर मिळालेल्या बाळांमध्ये जुलाबाचं प्रमाण इतर बाळांच्या दुपटीहून जास्त आढळलं. आई नसलेल्या बाळाला पावडर लागतेच, पण ती स्वच्छ पाणी आणि देखरेखीसकट द्यावी लागते. ते तिथल्या पथकावर सोडा.

थोड्या मोठ्या मुलांच्या दंडाला आम्ही रंगीत पट्टी गुंडाळतो. घेर ११५ मिलिमीटरच्या खाली असला की लाल रंग दिसतो, म्हणजे तीव्र कुपोषण. मूल खात असेल आणि दुसरं दुखणं नसेल, तर शेंगदाणे, दूधपावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वांच्या पेस्टची पाकिटं आईकडे देतो. ९२ ग्रॅमचं पाकीट, ५०० कॅलरी. शिजवायचं नाही, पाणी मिसळायचं नाही. कोपरा फाडून मूल चोखत बसतं. रडायचंही त्राण नसलेलं पोर काही दिवसांनी आईच्या हातातून पाकीट ओढून घेतं, तेव्हा मला जो आनंद होतो तो दुसऱ्या कशात नाही.

जुलाबावरचा इलाजही असाच स्वस्त आहे. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ असताना सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पाजायला दिलं. सुमारे ३० टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या आत आलं.

तेव्हा दुकानदार घेत असेल तर डबे परत करा, कपडे विका आणि पैसे युनिसेफसारख्या संस्थेला द्या. आलेले कपडे निवडून वेगळे करण्यात तिथल्या माणसांचे दिवस जातात, तेवढ्यात गोवराच्या लशी टोचून होतात. आणि पैसे देताना ‘अमुक छावणीसाठीच’ अशी अट घालू नका. साथ आज इथे असते, पंधरवड्यात दुसरीकडे.