आठ वर्षांच्या सरासरीवर धरण बांधू नका

नियोजित जलाशयाबद्दल येणाऱ्या पत्रांत एकच घोळ पुन्हा पुन्हा दिसतो: पडलेला पाऊस, नदीचा येवा (म्हणजे धरणाच्या जागी नदीतून येणारे पाणी) आणि हाती लागणारे पाणी एकच मानले जाते. म्हणून ही उत्तरे.

प्रश्न: पाणलोट क्षेत्राला पावसाने गुणले की येवा निघतो ना?
उत्तर: नाही. एक चौरस किलोमीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1,000 घनमीटर. त्यातले बरेच मुरते, झाडे पितात, वाफ होऊन जाते.

प्रश्न: जुनी माणसे सांगतात, नदी कधीच आटली नाही. मग काळजी कशाला?
उत्तर: वाहती धार दिसणे वेगळे, ती मागणीला पुरणे वेगळे. मोजा.

प्रश्न: आठ वर्षांच्या नोंदी आहेत. सरासरी धरू का?
उत्तर: कृपया धरू नका. दोन-तीन महापुरांची वर्षे सरासरी फुगवतात आणि पुराचे पाणी सांडव्यावरून निघून जाते. सिंचनासाठी साधारणपणे 75 टक्के विश्वासार्हतेचा येवा धरतात, म्हणजे चारांपैकी तीन वर्षे तरी तेवढे पाणी यायला हवे. पिण्यासाठी त्याहून कडक निकष. शिवाय ती आठही वर्षे ओली असतील तर? अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचे पाणी 1922 च्या कराराने वाटले गेले. हाताशी होत्या त्या थोड्या नोंदी नेमक्या भरघोस पाण्याच्या काळातल्या. वरच्या-खालच्या खोऱ्यांना मिळून वर्षाला 150 लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एक एकरावर एक फूट उभे राहील इतके) पाणी कागदावर देऊन टाकले. नदीला ते झेपले नाही. म्हणून पावसाच्या जुन्या नोंदींशी सांगड घालून प्रवाहाची मालिका लांबवा आणि लागोपाठच्या तुटीच्या वर्षांत साठा कसा उतरतो ते महिनावार तपासा. हे काम जलशास्त्रज्ञाकडूनच करून घ्या.

प्रश्न: एक सल्लागार मोजणीशिवाय, संगणकावर दोन दिवसांत येवा काढून देतो म्हणतो.
उत्तर: पैसे देऊ नका. नदीत मोजलेल्या विसर्गाशी (म्हणजे ठरावीक वेळात वाहणाऱ्या पाण्याशी) न पडताळलेला आकडा हा अंदाजच. त्याने आधीच अहवाल दिला असेल, तर तो दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा.

प्रश्न: लोकसंख्या गुणिले दरडोई लिटर, झाली मागणी?
उत्तर: झाली ती फक्त घरगुती. पिके, उद्योग, गळती, जलाशयावरचे बाष्पीभवन आणि नदीत खाली सोडायचे पाणी राहिलेच. वर्षाच्या बेरजेत कोरड्या महिन्यांची तूट दडून जाते, तेव्हा मागणी महिनावार मांडा. पिकांचे आकडे कृषितज्ज्ञाला विचारा.

प्रश्न: मोजणी मंजुरीनंतर सुरू केली तर?
उत्तर: आजच करा. मंजुरीची वाट पाहण्यात गेलेला हंगाम पुन्हा मोजता येत नाही. मात्र पातळीपट्टीची (पाण्याची उंची वाचायच्या खुणांच्या पट्टीची) जागा प्रवाहमापन जाणणाऱ्याला नदीवर नेऊन ठरवा. नुसती पातळी लिहून विसर्ग कळत नाही, निरनिराळ्या पातळ्यांना वेगही मोजावा लागतो.