गेमिंगसाठी मॉनिटर : आयपीएस, व्हीए की ओलेड?

प्रश्न : मुलगा रात्री दिवे मालवून नेमबाजीचे गेम खेळतो आणि दिवसा त्याच मॉनिटरवर अभ्यास करतो. आयपीएस, व्हीए आणि ओलेड या पडद्याच्या प्रकारांपैकी कोणते पॅनल (पडदा) घ्यावे?

उत्तर : अंधाऱ्या खोलीत व्हीए मोहात पाडते, कारण त्याचा कॉन्ट्रास्ट (सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भागांच्या प्रकाशाचे प्रमाण) साधारण ३०००:१ असतो, तर नेहमीच्या आयपीएसचा १०००:१ च्या आसपास असल्याने त्यावर गुहेतला काळोख राखाडी दिसतो. मात्र स्वस्त व्हीएवर गडद दृश्यात वेगाने सरकणाऱ्या आकृतीमागे काळपट शेपूट उमटते आणि नेमबाजीत ती फारच खटकते. ओलेडचा प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि विझतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो. परंतु अभ्यासाची स्थिर पाने तासन्‌तास उघडी राहिली, तर त्यांचे ठसे कायमचे उमटण्याचा धोका असतो. म्हणून तुम्ही १४४ हर्ट्झचे (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारे) आयपीएसच घ्यावे आणि मॉनिटरच्या मागे मंद दिवा लावावा, म्हणजे काळोखाचा राखाडीपणा कमी जाणवेल. जोडणी झाल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडायला विसरू नका; पुष्कळदा ते ६० वरच राहिलेले असते.